फोमचं जॅकेट की हीट केबल? साचलेल्या पाण्याच्या पाइपला काय लागतं

पुण्या-मुंबईहून शिकागो किंवा टोरांटोला आलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात दुकानात दोन वस्तू शेजारीशेजारी दिसतात: पाइपवर चढवायचं फोमचं जॅकेट आणि पाइपला लावायची, विजेवर तापणारी हीट केबल. दोन्हींवर एकच आश्वासन, पाइप गोठणार नाही. पण बर्फाच्या लादीवर टाकलेला भुसा लादी थंड करत नाही, बाहेरची उष्णता आत शिरायला वेळ लावतो. जॅकेटही तसंच, फक्त आतली उष्णता अडवणारं. उष्णता घालते ती केबल.

वाहत्या पाण्याला जॅकेट पुरतं, कारण मागून येणारं पाणी स्वतःची ऊब आणतं. मिनिटाला १०० मिली, १० अंशांचं पाणी शून्यावर येईपर्यंत सुमारे ७० वॉट देतं. बंद नळाकडे गेलेल्या फाट्यात, कुणी न वापरणाऱ्या बाथरूममध्ये ही आवक थांबते. चालू लाइनमधून तांब्यावाटे सरकणारी ऊब जेमतेम हातभर पोचते, प्लास्टिकच्या पाइपात तेवढीही नाही.

हिशेबच पाहा. अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपात मीटरभर लांबीला दीडशे मिली पाणी. पाणी १० अंश, बाहेर उणे १०. शांत हवेत उघड्या पाइपातलं पाणी १५-२० मिनिटांत शून्यावर येतं, १३ मिमी फोम असेल तर पाऊण तासात. पूर्ण गोठायला उघड्याला तीनेक तास, फोमवाल्याला सातेक. जानेवारीची रात्र त्याहून मोठी असते.

आणि पाइप बर्फ झालेल्या जागीच फुटतो असं नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यात कोंडलेल्या पाण्याचा दाब चढतो, तिथे फुटतो. नळ किंचित उघडा ठेवायचा तो यासाठीही.

केबल लावली म्हणून जॅकेट वगळू नका. उणे ३० मध्ये हाच पाइप ५ अंशांवर राखायला फोमसह मीटरला साधारण ७ वॉट लागतात. उघड्याला १७-१८, वारा असेल तर बरेच जास्त. घरगुती सेल्फ-रेग्युलेटिंग केबल, म्हणजे थंडीप्रमाणे आपली उष्णता आपणच कमी-जास्त करणारी, मीटरला १० ते १६ वॉट देते. ती पाइपच्या खालच्या बाजूने सरळ न्या, फायबरग्लास टेपने बांधा. प्लास्टिकचा पाइप असेल तर वरून अ‍ॅल्युमिनियमची टेप पूर्ण लांबीभर लावा. व्हॉल्व्हवर एक जादा वळसा द्या, मात्र सेल्फ-रेग्युलेटिंग नसलेली केबल स्वतःवर कधीही चढवू नका, तिथे ती जळते. प्लग जीएफसीआय सॉकेटमध्येच (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या) लावा. वर कोणता फोम चालतो, हे केबलच्या पत्रकात बघा.

वादळात वीज गेली की केबल निरुपयोगी. साचणाऱ्या फाट्याचं पाणी काढून टाकणं हाच पक्का इलाज: आतला व्हॉल्व्ह बंद, बाहेरचा नळ उघडा, मग व्हॉल्व्हच्या बाजूची छोटी टोपी सैल करून उरलेलं पाणी बादलीत. बागेची नळी थंडीआधीच काढून ठेवा. ती तशीच राहिली तर फ्रॉस्ट-फ्री नळातलंही (ज्याचा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत असतो) पाणी निचरत नाही, भिंतीतला भाग फुटतो, आणि ते कळतं वसंतात, नळ पहिल्यांदा उघडल्यावर.