‘थांब’ म्हणणारी चेतापेशी

मागच्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये मंडपाच्या फळ्या काढायचं काम चाललं होतं. तिथे खेळणाऱ्या एका मुलाच्या पायात खिळा घुसला. खिळा उपसला, पाय नळाखाली धरला, आणि एका काकांनी तो खिळा उजेडात निरखून निकाल दिला, “नवा कोरा आहे, गंज नाही. इंजेक्शन कशाला?”

इंजेक्शन दिलं गेलं, पण काकांचं वाक्य डोक्यातून जाईना. धनुर्वात गंजाने होतो हा समज घरोघर आहे आणि तो चुकीचा आहे. धनुर्वात होतो क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जिवाणूमुळे. त्याचे बीजाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते जागे होतात. गंजका खिळा बहुधा मातीत पडलेला असतो, गंजाचा संबंध तेवढाच. कोऱ्या खिळ्याने किंवा बाभळीच्या काट्यानेही हे होऊ शकतं.

पण मला खरं सांगायचंय ते या जिवाणूचं विष जी यंत्रणा मोडतं तिच्याबद्दल. शाळेत प्रतिक्षिप्त क्रिया शिकवताना बहुतेकदा तीच राहून जाते.

पुस्तकातली आकृती आठवा. काटा टोचतो, संवेदी चेतापेशी मेरुरज्जूला वर्दी देते, प्रेरक चेतापेशी स्नायूला हुकूम सोडते, मेंदूला कळायच्या आत पाय वर. आकृती बरोबर आहे, पण अर्धी. सांधा वाकवणारा स्नायू वेगळा आणि सरळ करणारा वेगळा. एकाला ‘आवळ’ म्हटलं आणि त्याच क्षणी दुसरा सैल पडला नाही, तर सांधा जागचा हलणार कसा?

हे हाताला कळतं. टेबलाशी बसा. उजवा तळवा टेबलावर ठेवून खाली दाबा आणि डाव्या हाताने उजवा दंड चाचपा. मागची बाजू घट्ट लागेल, पुढची बेटकुळी मऊ. आता तळवा टेबलाखाली नेऊन टेबल उचलल्यासारखा जोर लावा. लगेच उलट. मऊ पडलेल्या स्नायूला तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

मग त्याला सांगितलं कुणी? याचं उत्तर गुडघ्यात सर्वांत स्वच्छ दिसतं. डॉक्टर वाटीच्या खाली रबरी हातोडी मारतात आणि पाय उडतो. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं. हातोडीने वाटीखालची कंडरा दबते आणि मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. त्या स्नायूत चातीच्या आकाराचे, ताण टिपणारे बारीक अवयव असतात. त्यांचे तंतू शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी, सेकंदाला साधारण ८० ते १२० मीटर. मेरुरज्जूत शिरल्यावर अशा तंतूला फाटे फुटतात. एक फाटा थेट पुढच्या स्नायूच्या प्रेरक चेतापेशीला भिडतो: आवळ. दुसरा फाटा एका छोट्या मधल्या पेशीकडे जातो आणि ती मांडीच्या मागच्या स्नायूच्या प्रेरक पेशीला गप्प करते: थांब. चार्ल्स शेरिंग्टन यांनी हा परस्पर अटकाव वर्षानुवर्षं अभ्यासला. चेतापेशींवरच्या कामासाठी त्यांना १९३२ सालचं नोबेल मिळालं.

गप्प करते म्हणजे नक्की काय करते? ती ग्लायसीन सोडते. ग्लायसीन हे सर्वांत साधं अमिनो आम्ल, आपल्या डाळीतही असतं. ते प्रेरक पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांना, म्हणजे रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांना, चिकटलं की क्लोराइडची दारं उघडतात. विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्टवर असते. संदेश सुटायला ती उणे ५५ च्या आसपास चढावी लागते. क्लोराइडचे ऋण आयन आत आले की ती चढण्याऐवजी खालीच राहते. एका प्रेरक पेशीवर अशा हजारो जोडण्या असतात. काही वर ढकलतात, काही खाली ओढतात, आणि ही बेरीज-वजाबाकी क्षणोक्षणी चालू असते.

जॉन एकल्स यांनी हे १९५१ मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला प्रत्यक्ष मोजलं. मांजराच्या एकेका प्रेरक पेशीत त्यांनी अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड घातला होता. एका पेशीतून दुसरीकडे संदेश विजेनेच जातो, रसायनाने नव्हे, यावर तोवर ते वर्षानुवर्षं हिरिरीने भांडत आले होते. ‘थांब’चा संदेश येताच पेशीतला विद्युतदाब आणखी ऋण होताना त्यांना दिसला. त्यांच्या सिद्धान्ताने अगदी उलट भाकीत केलं होतं. एकल्स यांनी आपलंच मत मोडीत काढलं. १९६३ सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, पण मला ही माघार जास्त मोलाची वाटते.

आता खिळ्याकडे येऊ. जखमेत तयार झालेलं विष तिथल्या प्रेरक तंतूत शिरतं आणि उलट्या दिशेने मेरुरज्जूपर्यंत चढतं. तिथे ते प्रेरक पेशीतून बाहेर पडून ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशीत घुसतं आणि सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं एक प्रथिन कापतं. ते कापलं की ग्लायसीनच्या पुड्या फुटत नाहीत. ‘आवळ’ चालू, ‘थांब’ बंद. सगळे स्नायू एकदम आवळतात आणि जो बळकट तो जिंकतो. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट, म्हणून दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट, म्हणून शरीराचं धनुष्य होतं. सुश्रुतसंहितेत याला धनुस्तंभ म्हटलंय. रोगी या सगळ्यात पूर्ण शुद्धीवर असतो.

कोकण-गोव्याच्या रानातल्या काजऱ्याच्या बियांतलं, म्हणजे कुचल्यातलं, स्ट्रिक्नीन जवळपास हेच करतं. फरक एवढाच की ग्लायसीन सुटतं, पण त्याची जागा स्ट्रिक्नीनने अडवलेली असते. ‘नसांना बळ’ म्हणून कुचला घालून कुणी घरगुती चूर्ण देत असेल, तर घेऊ नका. स्नायू आखडणं म्हणजे बळ नव्हे, आणि चुकलेली मात्रा जिवावर बेतते.

ताठ झालेलं, डोळे उघडे असलेलं शरीर पाहून ‘बाहेरचं’ म्हणत लोकांनी अंगारे लावले आहेत. अस्वच्छ पात्याने नाळ कापायची, तिच्यावर शेण किंवा राख दाबायची, आणि आठवड्याभरात बाळाने दूध ओढणं सोडलं की दोष सटवाईला. त्या बाळांचं आठवलं की अजून चीड येते. आयांचं लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपणं यांमुळे नवजातांचा धनुर्वात भारतात प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून खाली आला, आणि तसं २०१५ मध्ये जाहीर झालं. धनुर्वात होऊन गेला तरी पुढे संरक्षण मिळत नाही, कारण विषाची मारक मात्राच इतकी कमी असते की शरीर तिची नोंदही घेत नाही. लस, आता टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांची एकत्र लस, त्या माणसालाही घ्यावी लागते.

एकदा चेतापेशीत शिरलेल्या विषाला प्रतिविष गाठू शकत नाही. मग डायझेपामसारखं औषध देऊन ‘थांब’ म्हणणाऱ्या दुसऱ्या रसायनाला, गाबाला, जोर द्यायचा आणि तंतूंना नवी टोकं फुटायची वाट पाहायची. त्याला आठवडे लागतात. तेवढे दिवस खोली अंधारी ठेवतात, आत हलक्या पावलांनी जातात, कारण दार आपटलं तरी रोग्याची पाठ पुन्हा धनुष्यासारखी वाकते.