इंग्रजी कानावर पडत नाही अशा ठिकाणी इंग्रजी बोलण्याचा सराव

ज्या देशात रोजचे व्यवहार इंग्रजीत होत नाहीत, तेथे राहून इंग्रजी अस्खलित बोलता येणे शक्य नाही, ही समजूत इतकी रुजलेली आहे की अनेक अभ्यासू माणसे तिच्यामुळे बोलण्याचा प्रयत्नच सोडून देतात. वाचन उत्तम असते, व्याकरण पक्के असते, लेखनातही चूक सापडत नाही. पण कोणी साधा प्रश्न विचारला की जीभ अडते, आणि ‘वातावरणच नाही’ या कारणावर त्याचे खापर फोडले जाते. हे कारण कितपत खरे आहे, ते तपासून पाहायला हवे.

बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या तीन गटांची तुलना होती. एक गट आपल्याच विद्यापीठात नेहमीच्या वर्गांना बसत होता, दुसरा फ्रान्समध्ये राहून शिकत होता आणि तिसरा अमेरिकेतच, पण दिवसभर फ्रेंचच वापरायची अशा उन्हाळी वर्गात दाखल झाला होता. बोलण्याच्या ओघात सर्वाधिक प्रगती झाली ती या तिसऱ्या गटाची. फ्रान्सला गेलेले विद्यार्थी वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच अधिक वापरत होते, तर तिसरा गट दर आठवड्याला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त तास फ्रेंचमध्ये बोलत आणि लिहीत होता. अभ्यास फ्रेंचचा असला, तरी परदेशात राहणे आणि प्रत्यक्ष बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. आणि त्यांतील दुसरी गोष्ट कोठेही राहून साधता येते, असे मला ठामपणे वाटते.

बोलणे अवघड का जाते, हे वेळेचा हिशेब मांडला की नीट समजते. मानसभाषावैज्ञानिक विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार बोलणाऱ्याच्या मनात आधी आशय ठरतो, मग शब्द आणि वाक्यरचना निवडली जाते आणि शेवटी जीभ, ओठ व कंठ यांच्या हालचाली घडतात. मातृभाषेतसुद्धा एखादे चित्र पाहून त्याचे नाव उच्चारू लागायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. संभाषणात मात्र इतकी सवड मिळत नाही. दहा भाषांतील संभाषणांच्या २००९ मधील अभ्यासात प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचे सरासरी अंतर जेमतेम २०० मिलिसेकंदांच्या आसपास आढळले. म्हणजे समोरचा बोलत असतानाच ऐकणाऱ्याच्या मनात उत्तराची जुळणी सुरू झालेली असते. जो आधी मातृभाषेत वाक्य रचतो आणि मग त्याचे भाषांतर करतो, त्याला या वेगाशी जुळवून घेता येत नाही. त्याच्याकडे ज्ञान असते, पण ते वेळेवर हाताशी येत नाही, आणि ते हाताशी येण्याचा वेग केवळ वाचून वा ऐकून पुरेसा वाढत नाही.

कॅनडामध्ये याचा पुरावा मोठ्या प्रमाणावर मिळाला. तेथे इंग्रजीभाषक मुले फ्रेंच माध्यमातून वर्षानुवर्षे शिकली आणि त्यांचे आकलन उत्तम झाले. तरीही त्यांच्या बोलण्यातील व्याकरण फ्रेंचभाषक मुलांच्या तुलनेत कच्चेच राहिले. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की, भाषा समजणे पुरेसे नसते, ती घडवण्याची सक्तीही व्हावी लागते. नुसते चित्रपट पाहत राहण्याचा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो.

ही सक्ती स्वतःवर कशी आणायची, याचे एक उत्तर फार साधे आहे. एकाच विषयावर आधी चार मिनिटे, मग तीन आणि शेवटी दोन मिनिटे, दर वेळी वेगळ्या श्रोत्यासमोर बोलायचे. समजा, विषय स्वतःच्या कामाचा आहे. पहिल्या फेरीत बोलणारा ‘आय वर्क विथ’ येथे थांबतो, शब्द शोधतो, मागे जातो, पुन्हा सुरुवात करतो. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तोही थांबतो, पण बहुधा उपवाक्य संपल्यावर; शिकणारा मात्र वारंवार मधोमध अडतो, आणि ऐकणाऱ्याला नेमके तेच खटकते. तिसऱ्या फेरीपर्यंत ‘आय वर्क विथ पीपल हू’ हा तुकडा एका दमात बाहेर पडू लागतो, कारण शोधाशोध आधीच झालेली असते. नेल दे योंग आणि चार्ल्स परफेटी यांनी २०११ मध्ये दाखवले की, असा एकच विषय पुन्हा मांडणाऱ्यांचा ओघ नव्या विषयावर बोलतानाही टिकून राहिला. दर फेरीला विषय बदलणाऱ्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. श्रोते मिळत नसतील तर फोनवर ध्वनिमुद्रण करूनही हा सराव करता येतो, जरी समोर माणूस असण्याचा दबाव त्यात नसतो.

सोबती म्हणून इंग्रजीभाषकच हवा, हा आग्रह मात्र सोडून द्यावा. इव्हान्जेलिन व्हॅरोनिस आणि सुसान गॅस यांना १९८५ मध्ये असे आढळले की, दोन्ही बोलणारे शिकणारेच असले की ते अर्थाची उकल करण्यासाठी एकमेकांना अधिक वेळा अडवतात, विचारतात, वाक्य बदलून सांगतात. मातृभाषक समोर असताना न समजलेलेही समजल्यासारखे दाखवण्याचा मोह होतो. बरोबरीच्या माणसापुढे संकोच कमी असतो.

उच्चारांसाठी मात्र इंग्रजीभाषकांचा आवाज लागतोच, पण तोही ध्वनिमुद्रित चालतो. जपानी भाषकांना इंग्रजीतील ‘र’ आणि ‘ल’ यांत फरक करणे अवघड जाते. अ‍ॅन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांना काही आठवडे अनेक वेगवेगळ्या व्यक्तींच्या आवाजात असे शब्द ऐकवून ते ओळखायला लावले आणि प्रत्येक वेळी बरोबर की चूक ते लगेच सांगितले. उच्चारण्याचा सराव मुळीच दिला नव्हता, तरीही त्यांचे या दोन ध्वनींचे उच्चार सुधारले. म्हणून जे ध्वनी आपल्याला सारखेच भासतात, त्यांच्या जोड्या एकाच शिक्षकाच्या तोंडून न ऐकता अनेकांच्या आवाजात ऐकाव्यात आणि उत्तर त्याच क्षणी पडताळून पाहावे.