डिजिटल अरेस्ट (फोनवरची फसवणूक)

डिजिटल अरेस्ट म्हणजे फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स नाहीतर थेट न्यायाधीश असल्याचं सोंग घ्यायचं, समोरच्याला त्याच्याच घरात कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवायचं आणि "चौकशी" चालू आहे असं सांगून त्याचं बँक खातं रिकामं करायचं. भारतीय कायद्यात अशी अटक कुठेच नाही, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) नव्हती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. तरी माणसं तासन् तास, कधीकधी आठवडेच्या आठवडे या नसलेल्या अटकेत बसून राहतात आणि त्यात शिकलेले, मोठ्या पदांवरून रिटायर झालेले लोक भरपूर असतात, त्यामुळे "अडाणी लोकच फसतात" हा समज आधी डोक्यातून काढलेला बरा.

सरकारने राज्यसभेत दिलेले आकडे बघा. २०२२ मध्ये डिजिटल अरेस्ट आणि त्या जातीच्या गुन्ह्यांच्या ३९,९२५ तक्रारी आल्या आणि ९१.१४ कोटी रुपये गेले, तर २०२४ मध्ये तक्रारी झाल्या १,२३,६७२ आणि पैसे गेले १,९३५.५१ कोटी. म्हणजे तक्रारी तिप्पट पण रक्कम एकवीसपट, दर तक्रारीमागे सरासरी २३ हजारांवरून दीड लाखाच्या वर. यावरून एवढं तरी दिसतं की आता शंभर जणांकडून थोडेथोडे घेण्यापेक्षा एकालाच धुऊन काढण्याकडे कल आहे, आणि त्यासाठी लागतो तो वेळ काढायची या टोळ्यांची तयारी असते.

कॉल कसा चालतो

सुरुवात बहुतेक वेळा मशीनच्या आवाजाने होते. "आपला मोबाईल नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी ९ दाबा." किंवा कुरिअर कंपनीचं नाव सांगून "तुमच्या नावाचं पार्सल मुंबई कस्टम्सने पकडलंय, आत जुने पासपोर्ट, सिमकार्डं आणि एमडी ड्रग्ज सापडलेत." तुम्ही म्हणता मी काही पाठवलंच नाही, तर पलीकडचा माणूस एकदम आपुलकीने म्हणतो, "मग तुमच्या आधारचा कोणीतरी गैरवापर केलाय साहेब, लगेच तक्रार करा, मी लाईन मुंबई पोलिसांना जोडून देतो." इथेच खरी मेख आहे. पहिला माणूस धमकी देतच नाही, मदत करतो. आणि आपण फोन ठेवून स्वतः पोलीस स्टेशनला जायच्या ऐवजी त्यानेच जोडून दिलेल्या "पोलिसाशी" बोलायला लागतो.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल येतो (पूर्वी स्काईपवर यायचा). मागे अशोकस्तंभ, झेंडा, टेबलावर फायली, खांद्यावर स्टार, वायरलेसचा खरखराट. देशभर कुठेही फोन लावला तरी ठाणं मात्र बऱ्याचदा मुंबईचंच, अंधेरी नाहीतर कुलाबा, मुंबई पोलिसांच्या नावाचा दरारा असा भलत्याच कामाला येतो. तुमचा आधार नंबर, पत्ता वाचून दाखवतात, ही माहिती कुठून ना कुठून लीक झालेली असतेच, पण ऐकणाऱ्याला वाटतं याला सगळं माहिती आहे म्हणजे हा खरा पोलीस. पुढे एखाद्या गाजलेल्या मनी लाँडरिंग केसचं नाव काढतात. जेट एअरवेजच्या नरेश गोयल यांच्या केसमध्ये तुमच्या नावाचं खातं सापडलंय, ही थाप तर कित्येकांना मारली गेली.

यानंतर एक कागद येतो, सीबीआयचा किंवा सुप्रीम कोर्टाचा शिक्का असलेला, आणि त्यात गोपनीयतेची अट. कोणाला सांगायचं नाही, सांगितलं तर बायकोमुलांनाही आत घेऊ. माझ्या मते सगळ्या प्रकाराचा कणा हाच आहे. बाकी युनिफॉर्म, शिक्के, खोटं कोर्ट ही सजावट. कारण शेजारच्या खोलीत बसलेल्या मुलीला किंवा खालच्या मजल्यावरच्या काकांना ही गोष्ट मोठ्याने सांगायला घेतली की दुसऱ्या वाक्यालाच ते म्हणतात, "ठेव तो फोन." म्हणून दारं लावून घ्यायला सांगतात, कॅमेरा रात्रीही चालू ठेवायला लावतात, बाहेर जायचं तर परवानगी, घरी कोणी आलं तर काय बोलायचं तेही पढवून ठेवतात.

शेवटची पायरी "व्हेरिफिकेशन". तुमचे पैसे काळे की पांढरे ते रिझर्व्ह बँक तपासणार, तोपर्यंत या "सरकारी" खात्यात टाका, निर्दोष असाल तर परत मिळतील. मग लोक एफडी मोडतात, म्युच्युअल फंड काढतात, स्वतः बँकेत जाऊन आरटीजीएसचा फॉर्म भरतात आणि सगळा वेळ खिशातला फोन चालू असतो. कॅशियरने विचारलं तर प्रॉपर्टी घेतोय म्हणायचं हेही आधीच शिकवलेलं. काही ठिकाणी बँकेतल्याच माणसांना म्हातारा ग्राहक घाबरलेला दिसला, त्यांनी त्याला बसवून पाणी दिलं, प्रश्न विचारले आणि पैसे वाचले.

आपल्याकडे "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असं पिढ्यान् पिढ्या ऐकवलं जातं आणि पोलीस स्टेशनात काम पडलं की ओळखीचा माणूस शोधला जातो. आयुष्यात एकदाही चौकीत न गेलेल्या माणसाला खरी चौकशी कशी असते ते माहीतच नसतं. टोळ्या त्याच भीतीवर जगतात.

गाजलेली प्रकरणं

ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान ग्रुपचे चेअरमन एस. पी. ओसवाल यांच्यासाठी तर सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणीच भरवली गेली, तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांचं सोंग घेतलेला माणूस व्हिडिओ कॉलवर बसवून. सात कोटी गेले, त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले, कारण तक्रार झाल्यावर खाती गोठवता आली. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका आजींचे २० कोटींच्या वर गेले, आणि २०२५ मध्ये मुंबईच्याच ७२ वर्षांच्या एका व्यावसायिकाचे ५८ कोटी. २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये पंतप्रधानांनी हा विषय काढला, मग अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली ती कॉलर ट्यून आली, जिला लोक वैतागले होते आणि २०२५ मध्ये ती बंद झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला कोर्टाच्या बनावट ऑर्डर दाखवून लुटल्यावर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला अशा केसेसचा तपास सीबीआयकडे दिला.

पलीकडे कोण असतं

झारखंडमधल्या जामताडाचं नाव सगळ्यांना माहिती आहे, पण ओटीपी मागणाऱ्या पोरांचा तो जमाना जरा मागे पडला. डिजिटल अरेस्टचे बरेच कॉल कंबोडिया, म्यानमार, लाओसमधल्या कुंपणबंद कंपाउंडमधून येतात आणि तिथे बसलेल्यांतले कित्येक जण डेटा एन्ट्रीच्या नोकरीच्या आमिषाने नेलेले, पासपोर्ट काढून घेतलेले भारतीयच असतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून अशा पाचशेहून जास्त जणांना विमानाने परत आणलं. इथल्या बाजूने सिम बॉक्स लावून परदेशी कॉल भारतीय नंबरचा दाखवणारे आणि कमिशनवर आपलं बँक खातं वापरायला देणारे लोक लागतात. असं खातं भाड्याने देणारा कॉलेजचा मुलगा "मी तर काहीच केलं नाही" म्हणत पहिला पकडला जातो. पैसा मिनिटांत डझनभर खात्यांत फुटतो आणि पुढे क्रिप्टोत जातो.

ओळखायचं कसं

खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, जबाब संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवायला सांगत नाहीत आणि पैसे तर कुठल्याच खात्यात मागत नाहीत. हजर राहायची नोटीस कागदावर रीतसर यायला लागते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर बजावलेली चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. अटक झालीच तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं आणि वकिलाला भेटायचा हक्क असतो. म्हणून "वकिलाला विचारून सांगतो" एवढं बोलून बघायचं, समोरचा ज्या पद्धतीने भडकतो त्यावरूनच उत्तर मिळतं. दुसरं, फोन ठेवायचा आणि जवळच्या पोलीस स्टेशनचा नंबर स्वतः शोधून तिकडे विचारायचं, कॉल करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर नाही. बँकांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी सिरीज ठेवलीय, जाहिरातीचे कॉल १४० वरून येतात, तेव्हा दहा आकडी साध्या मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" आलं की शंका घ्यायचीच.

याची भावंडं बरीच आहेत, सगळी इथे मावणार नाहीत. महावितरणच्या नावाने "आज रात्री ९.३० ला लाईट कापणार" हा मेसेज, आरटीओच्या चलनाची किंवा लग्नपत्रिकेची म्हणून येणारी एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी), स्टार चारशे एक स्टार आणि पुढे एखादा नंबर डायल करायला लावून तुमचे कॉल स्वतःकडे वळवणं, मुलाला पकडलंय म्हणून पलीकडे रडणारा आवाज. चेहरा वेगळा, पण घाई आणि गुपित दोन्ही तेच.

पैसे गेले तर

आधी १९३० ला फोन, ही सायबर फसवणुकीच्या तक्रारींची सरकारी हेल्पलाईन. २०२१ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता. फोन लागेना तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकायची, सोबत यूटीआर नंबर (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक), समोरचं खातं, स्क्रीनशॉट, आणि चॅट काही झालं तरी डिलीट करायचं नाही. पहिल्या तास-दोन तासांत तक्रार गेली तर पैसा एखाद्या खात्यात अडकवता येतो, दुसऱ्या दिवसापर्यंत तो बहुतेक पार झालेला असतो. लाजेपोटी दोन-चार दिवस गप्प बसण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. बँकेला लगेच लेखी कळवायचं, पण स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशाची भरपाई बँक देईल ही आशा कमी, रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मुख्यतः परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. गोठवलेली रक्कम परत मिळायला सहसा कोर्टाची ऑर्डर लागते. पैसे गेले नाहीत, नुसता कॉल आला, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर "चक्षू" या सोयीत तो नंबर कळवता येतो.

तक्रारीनंतर काही आठवड्यांनी आणखी एक फोन यायची शक्यता असते. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा." फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा फोन त्या यादीवरूनच येतो. खऱ्या सायबर सेलला पैसे सोडवायला कसलीच फी लागत नाही.