इंटरफेरॉन-गॅमा आणि क्षयरोग

इंटरफेरॉन-गॅमा : टी पेशी व नैसर्गिक मारक पेशी या पांढऱ्या रक्तपेशींनी स्रवलेले संदेशवाहक प्रथिन. पेशींच्या आत दडणाऱ्या जीवाणूंविरुद्धच्या प्रतिकाराची मुख्य भिस्त यावर असते. क्षयरोगात हे काम सर्वांत स्पष्ट दिसते.

क्षयाचा जीवाणू श्वासावाटे फुप्फुसातील वायुकोशांत पोहोचला की महाभक्षी पेशी त्याला गिळते. एरवी गिळलेला जीवाणू ज्या पटलाच्या पिशवीत अडकतो, ती लायसोसोम या पेशीतील पचनपिशवीला मिळते आणि आम्ल व विकरे त्याला संपवतात. क्षयाचा जीवाणू नेमके हे मीलन रोखून आत वाढत राहतो. रक्तातील प्रतिपिंडे तिथवर पोहोचत नाहीत. म्हणून पेशीलाच बळ द्यावे लागते.

वृक्षिका पेशी (टी पेशींना जंतूची ओळख करून देणाऱ्या पेशी) जीवाणूचे अंश लसीका ग्रंथीत नेतात व इंटरल्युकिन-12 हे दुसरे संदेशवाहक प्रथिन स्रवतात. त्या इशाऱ्यावर तयार झालेल्या टी पेशी फुप्फुसात येऊन इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. तो महाभक्षी पेशीच्या ग्राहीला (पेशीवरील संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) जुळला की जॅक-1 व जॅक-2 ही विकरे स्टॅट-1 या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात आणि स्टॅट-1 केंद्रकात शिरून जनुके चालू करते. पिशवीतील आम्लता वाढते, स्वभक्षण, म्हणजे पेशीने आतलेच घटक वेढून पचवणे, सुरू होते. महाभक्षी पेशीत तयार होणारे नायट्रिक ऑक्साइड हे उंदरातले जीवाणूविरुद्धचे प्रभावी अस्त्र आहे. माणसाबाबत तोच निष्कर्ष सरसकट लावू नये.

ही साखळी कुठे तुटली यावर उपचार ठरतो. ग्राहीतील जन्मजात दोष 1996 मध्ये प्रथम वर्णिला गेला. अशा बाळांत बीसीजी लसीचा निरुपद्रवी जीवाणूही अंगभर पसरतो. इंटरल्युकिन-12 चा अभाव असेल तर इंटरफेरॉन-गॅमाच्या इंजेक्शनाचा उपयोग होतो. ग्राहीच पूर्ण निकामी असेल तर ते व्यर्थ. तिथे मूलपेशी प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. टीएनएफ हा दुसरा संदेशवाहक रेणू जीवाणूंभोवतीची पेशींची गाठ टिकवतो. संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅबसारखे टीएनएफरोधक औषध दिल्यास ती गाठ ढासळून सुप्त क्षय उफाळू शकतो, म्हणून आधी तपासणी करणे टाळू नये.

या तपासणीत इंटरफेरॉन-गॅमाच मोजतात. क्वांटिफेरॉन-प्लस या रक्तचाचणीत चार नळ्यांत प्रत्येकी 1 मिली रक्त घेतात, नळ्या दहादा हलवतात आणि 37 अंश सेल्सिअसला 16 ते 24 तास ठेवतात. हलवणे अपुरे झाले तर नळीच्या भिंतीवरील प्रतिजन (टी पेशींना चेतवणारे जीवाणूचे प्रथिन) रक्तात नीट मिसळत नाही. इसॅट-6 व सीएफपी-10 ही प्रतिजने बीसीजीत नसल्याने लसीमुळे निकाल फसत नाही. माँटू या जुन्या त्वचाचाचणीत तो धोका असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी त्वचाचाचणीही याच दोन प्रतिजनांवर चालते. मात्र लिम्फोसाइट (टी पेशी ज्या गटातल्या त्या पांढऱ्या पेशी) कमी असलेल्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात टी पेशींना मुद्दाम चेतवणाऱ्या नियंत्रण नळीतही कधी कधी प्रतिसाद मिळत नाही आणि निकाल अनिश्चित येतो. तो निगेटिव्ह समजणे घातक ठरते. पॉझिटिव्ह निकालही संसर्ग सुप्त आहे की सक्रिय, हे सांगत नाही; त्यासाठी छातीचा एक्स-रे व थुंकीची तपासणी लागतेच.