विशीच्या अलीकडचा वेग

25 जून 2015 रोजी अमेरिकेतल्या यूजीन शहरात ट्रेव्हॉन ब्रोमेल 100 मीटर 9.84 सेकंदांत धावला. त्या दिवशी तो 19 वर्षांचा होता आणि विसाव्या वाढदिवसाला पंधरा दिवस बाकी होते. तरीही 20 वर्षांखालच्या, म्हणजे ज्युनिअर गटाच्या सर्वोत्तम वेळांच्या यादीत ही वेळ नाही. अ‍ॅथलेटिक्समध्ये ज्युनिअर कोण, हे वाढदिवसावरून ठरत नाही, जन्मवर्षावरून ठरतं. ज्या वर्षी वय 20 पूर्ण होणार, त्या वर्षाच्या 1 जानेवारीलाच खेळाडू या गटातून बाहेर पडतो. म्हणून यादीत ब्रोमेलच्या नावापुढे आदल्या वर्षीची, जून 2014 मधली वेळ आहे: 9.97 सेकंद. तीही यूजीनमधलीच. जगात दहा सेकंदांच्या आत धावलेला तो पहिला ज्युनिअर.

त्याच मोसमात तो 9.77 सेकंदांतही धावला होता, पण तेव्हा पाठीमागून सेकंदाला 4.2 मीटर वेगाचा वारा होता. विक्रमासाठी 2.0 मीटरपर्यंतचाच वारा चालतो. त्यामुळे ज्युनिअर वेळा वाचताना तीन गोष्टी बघाव्या लागतात: घड्याळ, वारा आणि जन्मवर्ष. जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात धावतात, पण त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. या वयात एक वर्ष फार मोठं असतं.

अमेरिकेच्या ज्युनिअर पुरुषांच्या सर्वोत्तम वेळा घेतल्या आणि प्रत्येक वेळेची त्या अंतराच्या अमेरिकन विक्रमाशी तुलना केली, तर एक लक्षणीय चित्र दिसतं. 100 मीटरमध्ये क्रिस्टियन मिलर 2024 साली, वयाच्या अवघ्या 17 व्या वर्षी, 9.93 सेकंदांत धावला. टायसन गेचा अमेरिकन विक्रम 9.69 आहे. फरक सुमारे 2.5 टक्के. 200 मीटरमध्ये एरियन नाइटनची 19.69 आणि नोहा लाइल्सची 19.31, फरक सुमारे 2 टक्के. 400 मीटरमध्ये स्टीव्ह लुइसची 43.87 आणि मायकेल जॉन्सनची 43.18, फरक 1.6 टक्के. 800 मीटरमध्ये कूपर लुटकेनहाउसची 1 मिनिट 42.27 सेकंद आणि ब्राइस हॉपलची 1 मिनिट 41.67 सेकंद, फरक अवघा 0.6 टक्के.

शर्यत 100 मीटरवरून 800 मीटरपर्यंत लांबत जाते, तशी पोरं थोरांच्या जवळ येत जातात. एकेका अंतराला एकेकच धावपटू असल्यामुळे हा योगायोग असू शकतो, अशी शंका रास्त आहे. म्हणून जागतिक वेळाही बघू. बोट्स्वानाच्या लेत्सिले टेबोगोची ज्युनिअर 9.91 ही उसेन बोल्टच्या 9.58 पासून 3.4 टक्के दूर आहे. बोट्स्वानाच्याच नायजेल अमोसने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मीटर 1 मिनिट 41.73 सेकंदांत पळून रौप्यपदक मिळवलं. तो डेव्हिड रुडिशाच्या 1 मिनिट 40.91 सेकंदांच्या विश्वविक्रमापासून फक्त 0.8 टक्के दूर होता. 200 आणि 400 मीटर या दोन टोकांच्या मध्ये बसतात. कल तोच आहे.

माझ्या मते याचं उत्तर शरीराच्या वाढीत आहे. मुलांच्या उंचीची झपाट्याची वाढ साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी शिगेला पोचते. सतराव्या-अठराव्या वर्षी हाडांची लांबी बहुतेक पूर्ण झालेली असते. पण शरीराचे सगळे भाग एकाच वेळापत्रकाने पक्व होत नाहीत. स्नायूंची निव्वळ ताकद विशीच्या मध्यापर्यंत वाढत राहते. स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा तर स्नायूच्याही मागून मजबूत होतो. वाढत्या वयातल्या धावपटूंच्या टाचेच्या आणि गुडघ्याच्या दुखापतींचं हे एक मोठं कारण आहे.

आता 100 मीटरची शर्यत डोळ्यांपुढे आणा. ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून, सुटताना शरीर स्थिर असतं आणि पहिल्या काही पावलांत ते जवळजवळ आडवं ढकलायचं असतं. इथे पाय जमिनीला जास्त वेळ टेकलेला असतो आणि मांडी-नितंबांची निखळ ताकद कामी येते. पुढे शरीर सरळ होतं, वेग टिपेला पोचतो आणि प्रत्येक पाऊल जमिनीला सेकंदाच्या दहाव्या भागाइतकंच किंवा त्याहूनही कमी टेकतं. संशोधक पीटर वायंड आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवून दिलं की वेगवान माणूस हवेत पाय फार भरभर हलवतो म्हणून वेगवान नसतो. हवेतून पाय पुढे आणायला वेगवान आणि संथ धावपटूंना जवळपास सारखाच वेळ लागतो. वेगवान धावपटू त्या निमिषभराच्या स्पर्शात जमिनीवर जास्त जोर देतो. हा जोर देण्यासाठी स्प्रिंगसारखा ताठ कंडरा आणि घोटा लागतो.

शंभर मीटरमध्ये शर्यतीचा मोठा भाग वेग घेण्यातच जातो. नेमकी तिथेच सतरा-अठरा वर्षांची मुलं कमी पडतात. 200 मीटरमध्ये हा सुरुवातीचा तोटा दुप्पट अंतरावर पसरतो. म्हणून टिपेचा वेग जन्मजात लाभलेल्या उंच, लांब टांगांच्या मुलाला 200 मीटर लवकर साधते. फ्लोरिडातल्या टॅम्पाचा एरियन नाइटन हे याचं ठळक उदाहरण. जानेवारी 2004 चा जन्म. 2021 च्या ऑलिंपिक निवड स्पर्धेत, 17 व्या वर्षी, तो अंतिम फेरीत 19.84 सेकंदांत धावला. बोल्टची 2004 मधली 19.93 ही ज्युनिअर वेळ त्याने उपांत्य फेरीतच मागे टाकली होती. टोकियोत तो चौथा आला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बॅटन रूजला तो 19.49 सेकंदांत धावला, पण ती वेळ ज्युनिअर विश्वविक्रम म्हणून मान्य झाली नाही. मान्य झाली ती जूनमधली 19.69. नंतर त्याची वाट बिकट झाली. 2024 मध्ये त्याच्या चाचणीत ट्रेनबोलोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. दूषित मांसामुळे ते आलं, हे म्हणणं अमेरिकेतल्या लवादाने मान्य केलं, पण सप्टेंबर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

या सगळ्यांत मला सर्वांत थोर वाटते ती 28 सप्टेंबर 1988 ची सोल ऑलिंपिकमधली 400 मीटरची अंतिम शर्यत. बुच रेनॉल्ड्सने त्याआधी दीडेक महिन्यापूर्वी झुरिकला 43.29 सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. त्याने मोडलेला ली इव्हान्सचा 43.86 हा विक्रम 1968 पासून, म्हणजे वीस वर्षं टिकला होता, आणि तोही मेक्सिको सिटीच्या विरळ, धावपटूला कमी अडवणाऱ्या हवेत झालेला. सोलमध्ये सुवर्णपदक रेनॉल्ड्सचंच धरलं जात होतं. पण 19 वर्षांचा स्टीव्ह लुइस, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा विद्यार्थी, आधीच पुढे निघून गेला होता. शेवटच्या सरळ पट्ट्यात रेनॉल्ड्स जोराने जवळ येत गेला आणि 0.06 सेकंदाने कमी पडला. लुइस 43.87, रेनॉल्ड्स 43.93, तिसरा यूसीएलएचाच डॅनी एव्हरेट 44.09. समुद्रसपाटीजवळच्या हवेत एका ज्युनिअरची वेळ इव्हान्सच्या त्या दंतकथा झालेल्या विक्रमापासून अवघी 0.01 सेकंद दूर होती. लुइसची ती वेळ ज्युनिअर विश्वविक्रम म्हणून आजही उभी आहे.

400 मीटरमध्ये शेवटच्या शंभर मीटरला कुणीच वेग वाढवत नसतो. सगळेच मंदावत असतात. जो कमी मंदावतो तो जिंकतो, आणि प्रेक्षकाला मात्र तो वेग वाढवतोय असं वाटतं. पहिल्या काही सेकंदांत स्नायूंमध्ये साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे झटपट ऊर्जेचा साठा, खर्च होतं. मग ऑक्सिजनविना साखर जाळण्याची प्रक्रिया भार उचलते आणि तिच्यामुळे स्नायूत आम्लता वाढत जाते. लहान मुलांमध्ये ही प्रक्रिया कमजोर असते, वयात येताना ती झपाट्याने वाढते आणि सोळा-सतरापर्यंत बरीचशी सिद्ध झालेली असते. याउलट शरीराच्या दर किलो वजनामागे ऑक्सिजन वापरण्याची क्षमता मुलग्यांमध्ये लहानपणापासूनच चांगली असते. 400 मीटरमध्ये साधारण 40 टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते, 800 मीटरमध्ये 60 ते 65 टक्के. म्हणजे दोन फेऱ्यांच्या शर्यतीत सर्वांत जास्त लागणाऱ्या दोन्ही गोष्टी सोळाव्या-सतराव्या वर्षी शरीरात हजर असतात. विशीच्या मध्यावर येणारी स्फोटक ताकद इथे तुलनेने कमी लागते.

ऑगस्ट 2025 पर्यंत अमेरिकेपुरतं हे म्हणायला पुरावा नव्हता. मग टेक्सासचा कूपर लुटकेनहाउस आला. वय 16. त्या जूनमध्ये त्याने 1 मिनिट 45.45 सेकंद ही वेळ दिली होती, तीच शालेय मुलांसाठी अपूर्व होती. 3 ऑगस्टला यूजीनमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो मागून येऊन 1 मिनिट 42.27 सेकंदांत दुसरा आला. जिंकणारा डोनावन ब्रेझियर माजी विश्वविजेता, त्याच्यापेक्षा 0.11 सेकंदाने पुढे. दीडेक महिन्यात तीन सेकंदांहून जास्त सुधारणा! 800 मीटरमध्ये या पातळीवर माणसं एका सेकंदासाठी तीन-तीन वर्षं घालवतात. 400 मीटरमध्ये त्याच पिढीचा, 2008 मध्येच जन्मलेला मेरीलँडचा क्विन्सी विल्सन आहे. 2024 मध्ये 16 व्या वर्षी 44.20, पॅरिस ऑलिंपिकमध्ये 4 गुणिले 400 मीटर रिलेच्या पहिल्या फेरीत तो धावला आणि संघाने अंतिम फेरी जिंकल्यावर सुवर्णपदकाचा मानकरी ठरला.

मैलाच्या शर्यतीला मात्र हे गणित उलटतं. अमेरिकेच्या जिम रायनची ज्युनिअर वेळ 3 मिनिटं 51.3 सेकंद, यारेड नुगुसेचा अमेरिकन विक्रम 3 मिनिटं 43.97 सेकंद. फरक पुन्हा 3 टक्क्यांच्या वर. 800 मीटरनंतर वय पुन्हा आडवं येतं म्हणावं, तर केनियाचा फनुएल कोएच 2025 मध्ये पॅरिसला ज्युनिअर असतानाच 1500 मीटर 3 मिनिटं 27.72 सेकंदांत धावला. तो हिशम एल गेरूजच्या 3 मिनिटं 26.00 सेकंदांच्या विश्वविक्रमापासून एका टक्क्याच्या आत आहे. म्हणजे सतरा-अठरा वर्षांचं शरीर 1500 मीटरलाही तयार होऊ शकतं. तिथे फरक पडतो तो वर्षानुवर्षं पायांखालून गेलेल्या किलोमीटरांचा.

आणि रायनचं काय? 17 जुलै 1966 रोजी बर्कलीला त्याने 3:51.3 केली तेव्हा तो ज्युनिअर विक्रम नव्हताच, तो थेट विश्वविक्रम होता. मिशेल जाझीचा विक्रम त्याने दोन सेकंदांहून जास्त फरकाने मोडला. तोही आजच्या रबरी ट्रॅकवर नव्हे, कोळशाच्या कचीच्या आणि मातीच्या ट्रॅकच्या जमान्यात, कार्बनची पट्टी आणि उसळता फोम असलेले स्पाइक नसताना. कॅन्सासमधल्या विचिटाच्या या मुलाला गोवराने ऐकू कमी येत असे, आणि शाळेच्या इतर खेळांच्या संघांत त्याला जागा मिळाली नव्हती. 1964 मध्ये तो चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला शाळकरी मुलगा झाला. प्रशिक्षक बॉब टिमन्स त्याच्याकडून एका सत्रात पाव मैलाच्या चाळीस फेऱ्या काढून घेत. आजचे बहुतेक प्रशिक्षक कुठल्याही शाळकरी मुलाला असं देणार नाहीत.

अमेरिकेत अशी मुलं सापडत राहतात, कारण तिथे शाळांच्या संघांतून दहा लाखांहून जास्त मुलं-मुली ट्रॅक अ‍ॅण्ड फील्डमध्ये भाग घेतात. वेगवान मूल शाळेच्या नजरेतून सुटणं अवघड असतं आणि पुढे विद्यापीठाची शिष्यवृत्ती दिसत असते. मात्र त्याच शाळांत अमेरिकन फुटबॉलही असतो आणि तो वेगाला फार ओढून नेतो. 2008 मध्ये ज्युनिअर असताना 10.01 धावलेला जेफ डेम्प्स फुटबॉलकडे गेला. 1978 मध्ये 110 मीटर अडथळ्यांची शर्यत 13.23 सेकंदांत धावलेला रेनाल्डो नेहेमायाही काही वर्षांसाठी तिकडे गेला, पण तोवर 12.93 धावून 13 सेकंदांची भिंत त्याने पहिल्यांदा पाडली होती.

ज्युनिअर यादीतली नावं पुढे किती वाढतात? लुइस नंतर बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकला, पण 43.87 पेक्षा वेगाने आयुष्यात पुन्हा धावला नाही. रायनची मैलाची सर्वोत्तम वेळ पुढच्या वर्षी फक्त 0.2 सेकंदाने सुधारली आणि तिथेच थांबली. दुसरीकडे ब्रोमेल अनेक दुखापतींतून सावरून 2021 मध्ये 9.76 धावला, आणि 1984 मध्ये 18 व्या वर्षी 400 मीटर अडथळ्यांची शर्यत 48.02 सेकंदांत धावलेला डॅनी हॅरिस पुढे 47.38 पर्यंत पोचला. 1987 मध्ये माद्रिदला एडविन मोझेसची सलग 122 विजयांची मालिका खंडित करणाराही हॅरिसच. ज्यांच्या शर्यतीत ताकदीला आणि तंत्राला मोठं स्थान आहे, ते वाढत गेले. ज्यांची शर्यत सतराव्या-अठराव्या वर्षीच शरीराला साधते, त्यांच्यापुढे कमी वाव उरला. शिवाय लवकर पिकणारी मुलंच अशा यादीत आधी येतात, हेही खरं.

म्हणूनच लुटकेनहाउसकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. यूजीननंतर साधारण सहा आठवड्यांनी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत बाद झाला. शालेय मोसम वसंतात सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो. जागतिक स्पर्धा सप्टेंबरात होती. एका दिवशी 1:42 धावण्याची क्षमता सोळाव्या वर्षी येऊ शकते, पण इतक्या लांबलेल्या मोसमाच्या शेवटी फेरीमागून फेरी तशीच धावण्याचा दम काही वर्षांच्या सरावानेच येतो.