पळणं मोजता येतं, वळणं कसं मोजायचं?

मार्च 2017. इंडियानापोलिसच्या स्टेडियममध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या नव्या खेळाडूंच्या चाचणी शिबिरात, जॉन रॉस नावाचा तरुण 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, 4.22 सेकंदांत पळाला. तोवर तिथे इतकं वेगात कुणी पळालं नव्हतं. (हा विक्रम 2024 मध्ये झेवियर वर्दीने 4.21 सेकंदांत मोडला.) त्याच शिबिरात कूपर कप नावाचा आणखी एक तरुण तेवढंच अंतर 4.62 सेकंदांत पळाला. दोघेही वाइड रिसीव्हर. म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेला उभं राहायचं, इशारा मिळताच सुटायचं आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाच्या चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्यांचं काम. पुढच्याच महिन्यात एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, संघांनी एकेक करून खेळाडू निवडले, तेव्हा रॉसचा नंबर नववा लागला आणि कपचा एकोणसत्तरावा.

रॉसला दुखापतींनी पिच्छा पुरवला. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता आणि सगळ्या कारकिर्दीत मिळून झाले साठच्या आसपास. कपने 2021 च्या एका हंगामात 145 झेल घेतले, त्यांतून 1,947 यार्ड काढले, म्हणजे चेंडू तेवढा पुढे नेला, आणि 16 टचडाउन केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवला. तिन्ही बाबतींत तो त्या वर्षी लीगमध्ये पहिला होता.

मग संघ घड्याळ लावून नेमकं मोजतात तरी काय?

त्या शिबिराला कम्बाइन म्हणतात. दरवर्षी तीनशेहून अधिक खेळाडू तिथे बोलावले जातात. धाव, उंच उडी, लांब उडी, शंकूंभोवती वळत पळणं, हाताच्या पंजाची लांबी, सगळं मोजलं जातं. फ्रँक कुझ्मिट्स आणि आर्थर अ‍ॅडम्स या दोन संशोधकांनी 2008 मध्ये या चाचण्यांचे आकडे खेळाडूंच्या पुढच्या कामगिरीशी ताडून पाहिले. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या बाबतीत धावण्याच्या वेळेचा थोडा संबंध दिसला. बाकी कुठेही ठाम, सातत्याचा संबंध हाती लागला नाही.

यावरून वेगाला किंमत नाही असा अर्थ काढला, तर मात्र चूक होईल. संख्याशास्त्र शिकणाऱ्याला ही गोष्ट लवकर कळते, आपल्याला ती पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावी लागते. कम्बाइनपर्यंत पोहोचलेला प्रत्येक जण आधीच असामान्य वेगवान असतो. हळू पळणारे शाळेत, कॉलेजात कधीच गळालेले असतात. उरलेल्यांमधला फरक इतका बारीक की त्यावरून पुढचं काही सांगता येत नाही. बास्केटबॉलच्या संघात सगळेच साडेसहा फुटी असले, तर त्यातला सर्वांत उंच तोच सर्वांत चांगला ठरेल असं नाही. पण म्हणून पाच फुटी माणूस तिथे टिकेल असंही नाही. चाळणीतून आधीच गाळून घेतलेल्या धान्याला पुन्हा त्याच चाळणीत घालण्यासारखं आहे हे.

शिवाय साडेछत्तीस मीटर सरळ, अडवणारं कुणी नसताना पळायची वेळ रिसीव्हरवर सामन्यात क्वचितच येते. बहुतेक पास हवेत वीस यार्डांच्या आतच असतात. तेवढ्या अंतरात काय घडतं ते जवळून पाहायला हवं, कारण खेळाचं सगळं मर्म माझ्या मते तिथेच आहे.

रिसीव्हरसमोर पाच-सहा यार्डांवर बचावपटू उभा असतो, त्याला कॉर्नरबॅक म्हणतात. चेंडू खेळात आला की रिसीव्हर थेट त्याच्या अंगावर धावून जातो, जणू त्याला ओलांडून मैदानाच्या टोकापर्यंत जायचंय. कॉर्नरबॅक आधी उलट्या पावलांनी मागे सरकतो. पण उलट पळून कुणी सरळ पळणाऱ्याला गाठू शकत नाही, त्यामुळे एका क्षणी त्याला कंबर फिरवून पाठमोरं व्हावंच लागतं. रिसीव्हर नेमका त्याच क्षणाची वाट पाहत असतो. कंबर फिरली की तो तीन-चार पावलांत ब्रेक लावतो आणि गर्रकन मागे वळतो. क्वार्टरबॅकने चेंडू त्याच्या वळण्याआधीच सोडलेला असतो.

आता हिशेब करू. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीर हलायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, मग तो कितीही तयारीचा असो. रिसीव्हरला हा विलंब नाही, कारण आपण कधी वळणार हे त्याला ठाऊक आहे. कॉर्नरबॅक सेकंदाला आठ मीटर वेगाने पळत असेल, तर तेवढ्या वेळात तो 1.6 मीटर पुढे निघून जातो. चेंडू झेलायला एवढी मोकळी जागा पुरते.

पण ही जागा मिळण्यासाठी एक अट आहे. थांबण्याची चाहूल लागू द्यायची नाही. ब्रेक लावताना माणसाची छाती आपोआप उचलली जाते, पावलं आखूड होतात, खांदे मागे जातात. अनुभवी कॉर्नरबॅक चेंडूकडे पाहतच नाही, तो रिसीव्हरची कंबर वाचत असतो. खांदे एक पाऊल आधी उचलले गेले, तर 0.2 सेकंदांचं सगळं भांडवल बुडालं. म्हणून निष्णात रिसीव्हर अगदी शेवटच्या पावलापर्यंत पुढे झुकलेला राहतो आणि मग एकदम गुडघे-कंबर खाली बसवतो. त्या पावलांमध्ये जवळपास स्वतःच्या वजनाइतका आडवा जोर पाय सोसत असतात. कम्बाइनच्या कुठल्याच चाचणीत समोर फसवायला माणूस नसतो, त्यामुळे ही कला तिथे दिसतच नाही.

अर्थात सगळे रिसीव्हर असेच जिंकत नाहीत. डीके मेटकाफला 2019 मध्ये शंकूंभोवती वळायला 7.38 सेकंद लागले, रिसीव्हरच्या मानाने ती वेळ फारच वाईट. तो चौसष्टावा निवडला गेला. पण सुमारे 103 किलोंचा तो माणूस 40 यार्ड 4.33 सेकंदांत पळत होता. अशा देहाला सरळ रेषेतच अडवणं अवघड. दुसऱ्याच हंगामात त्याने 1,303 यार्ड काढले.

मग हात. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू 400 ग्रॅमच्या आसपास भरतो, क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट. वरून तो लांबुळका, फिरत येणारा, आणि झेलताना कुणीतरी अंगावर आदळणार हे पक्कं. जेरी राइस, ज्याच्या नावावर 1,549 झेल आणि 22,895 यार्डांचे विक्रम आहेत, तो मिसिसिपीतल्या एका गवंड्याचा मुलगा. वडिलांच्या हाताखाली काम करताना भाऊ खालून विटा फेकायचे आणि जेरी परांचीवर उभा राहून त्या झेलायचा. बांधकामावर विटांची अशी फेकाफेक आपण सर्वांनी पाहिली आहे. वीट ताठ हातांनी झेलली तर बोटं सोलवटतात. ती हाताबरोबर थोडी मागे येऊ द्यावी लागते, म्हणजे थांबायला वेळ जास्त मिळतो आणि आघात कमी होतो. 1985 च्या निवडीत राइसच्या आधी 15 नावं पुकारली गेली, त्यांत दोन रिसीव्हर होते.

आकडेवारीवाले आता कॉलेजमधली कामगिरी दोन प्रश्नांनी पारखतात. संघाच्या एकूण यार्डांपैकी या मुलाचा वाटा किती होता? आणि तो वाटा त्याने किती लहान वयात उचलला? विशीच्या आत असताना बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना चकवणाऱ्याकडे काहीतरी पक्कं असतं. हे निकष मला घड्याळापेक्षा जास्त भरवशाचे वाटतात, कारण त्यांत समोर बचावपटू उभा असतो. कपने ईस्टर्न वॉशिंग्टनमध्ये चार वर्षांत 6,464 यार्ड काढले होते, पण ते कॉलेज दुसऱ्या फळीतलं, म्हणून त्या आकड्यांवर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही.

आणि एवढं सगळं जमलं, तरी चेंडू फेकणारा दुसराच असतो. 2020 मध्ये जॅरेड गॉफ क्वार्टरबॅक असताना कपचे 974 यार्ड झाले. पुढच्या वर्षी मॅथ्यू स्टॅफर्ड आला आणि तो आकडा जवळपास दुप्पट झाला. हंगाम एका सामन्याने वाढला होता आणि कप स्वतःही सुधारला असेल, पण दोन वर्षांत माणूस इतका बदलत नाही. त्यामुळे रिसीव्हरचे यार्ड हे नेहमी दोघांच्या सामाईक खात्यावरचे असतात, आणि त्यातला एकाचा वाटा वेगळा काढणं फार कठीण आहे.

केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी निवडीची जुनी वर्षं तपासली. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधीचा पुढे सरस ठरण्याची शक्यता त्यांना 52 टक्के आढळली. नाणं उडवलं तर 50.

2023 च्या हंगामाच्या तोंडावर कपची मांडी दुखावली. त्याच्या संघाने, लॉस एंजेलिस रॅम्सने, त्याच वर्षी 177 व्या क्रमांकावर पुका नाकुआ नावाचा रिसीव्हर घेतला होता. सिएटलमधल्या पहिल्या सामन्यात तो मैदानात उतरला आणि स्टॅफर्डने त्याच्याकडे चेंडू फेकायला सुरुवात केली. त्या दिवशी त्याने 10 झेल घेतले, पुढच्या सामन्यात 15. हंगाम संपला तेव्हा 105 झेल आणि 1,486 यार्ड झाले होते. पहिल्याच वर्षी एवढी मजल तोवर कुणीही मारली नव्हती.