एका पापाने तारण जातं का?

ख्रिस्ती विश्वासी माणूस दारू प्यायला, शिवी दिली, की तारण, म्हणजे ख्रिस्ताकडून मिळालेली पापापासूनची सुटका, गेलं. आता पुन्हा बाप्तिस्मा घ्या, असा समज सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही (चर्चमध्ये) ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि त्याने माणसं विनाकारण खचतात.

येशूचा शिष्य पेत्र याने प्रभूला तीनदा नाकारलं. बायबलमधल्या योहान २१ मध्ये येशू त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ असं तीनदा विचारून आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवतो. दुसऱ्या बाप्तिस्म्याचा उल्लेखही नाही. भीती घालायला वापरतात ते बायबलमधलं इब्री ६:४-६, पण तिथला विषय ख्रिस्ताकडे जाणूनबुजून पाठ फिरवण्याचा आहे.

मतभेद मात्र खरा आहे. १६१८-१९ च्या डॉर्ट परिषदेची (नेदरलँड्समधल्या प्रोटेस्टंट चर्चसभेची) परंपरा म्हणते, देवाचे निवडलेले शेवटपर्यंत टिकतात. मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ मानतो, विश्वास सोडणारा तारण गमावू शकतो. कॅथलिक शिकवणीत गंभीर पापाने कृपा जाते, पण पापनिवेदनाच्या संस्काराने (धर्मगुरूसमोर पाप कबूल करून) परत मिळते. एका पापासाठी पुन्हा बाप्तिस्मा घ्या, असं तिघांपैकी कुणीच सांगत नाही.

पापात पडलात तर १ योहान १:९ धरा: पापं कबूल केली तर देव क्षमा करतो. पाप नाव घेऊन कबूल करा. ‘काही चुकलं असेल तर’ अशा मोघम प्रार्थनेने टोचणी तशीच राहते. कुणाचे पैसे बुडवले असतील तर परत करा, बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केले. दारूची सवय असेल तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा.